खा खा सुटते त्यांच्यासाठी

रात्री सगळे झोपल्यावर दिवा न लावता ओट्यापाशी उभं राहून तुम्ही खाल्लंय का? पुड्याचा कागद वाजू नये म्हणून तो हळूहळू फाडलाय, आणि रिकामा झाल्यावर कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाला, बाकीच्या कचऱ्याखाली दाबून टाकलाय? मी हे कित्येक वर्षं केलं. आपण हावरट आहोत, जिभेवर ताबा नाही, एवढंच मला वाटायचं. या प्रकाराला 'बिंज ईटिंग', म्हणजे ताबा सुटून खूप खाणं, असं नाव आहे, त्यावर उपचार आहेत आणि त्यातून बरी झालेली माणसं आहेत, हे कळायला मला फार उशीर झाला. तुम्हाला तेवढा उशीर होऊ नये म्हणून क्रमाक्रमानं लिहितोय.

मी डॉक्टर नाही. उपचारापर्यंत पोचायला आणि तोवर तग धरायला हा लेख उपयोगी पडावा, एवढीच इच्छा आहे.

आधी ओळखा

समारंभात चार घास जास्त जाणं किंवा आवडीचा पदार्थ जरा जास्तच खाल्ला जाणं, हे सगळ्यांचंच होतं. बिंज ईटिंगमध्ये दोन गोष्टी एकत्र असतात. साधारण दोन तासांच्या आत इतकं खाल्लं जातं, की तेवढ्या वेळात बहुतेक माणसं तेवढं खाणार नाहीत. आणि खाताना ताबा सुटलेला असतो. माझ्या मते दुसरी खूण जास्त महत्त्वाची. हात थांबत नाही, चव केव्हाच कळेनाशी झालेली असते, आपण जणू लांबून स्वतःकडे बघत असतो.

याशिवाय डॉक्टर आणखी काही गोष्टी विचारतात. बकाबका खाता का? पोटाला तडस लागेपर्यंत खाता का? भूक नसतानाही खाता का? लाज वाटते म्हणून एकट्यानं खाता का? आणि नंतर स्वतःची किळस येते का, मन खचतं का? यातल्या किमान तीन प्रश्नांना 'हो' असेल, त्याचा मनाला त्रास होत असेल आणि हे आठवड्यातून एकदा तरी असं सलग तीन महिने चालू असेल, तर त्याला 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' म्हणतात. अल्बर्ट स्टंकर्ड या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं अशा खाण्याचं वर्णन १९५९ मध्येच केलं होतं. पण डीएसएम या मानसिक आजारांच्या अमेरिकी नियमावलीत त्याला स्वतंत्र आजाराची जागा मिळाली ती थेट २०१३ मध्ये. मधली इतकी वर्षं लोकांना 'मन आवरा' एवढंच ऐकावं लागलं असेल, या विचारानं मला आजही गलबलून येतं.

खाल्लेलं भरून काढायला कुणी उलटी काढत असेल, जुलाबाची औषधं घेत असेल, अतोनात व्यायाम करत असेल किंवा दिवसच्या दिवस उपाशी राहत असेल, तर तो बुलिमिया असू शकतो. त्यासाठी डॉक्टरांकडे लवकर जायला हवं. वारंवार उलट्या काढल्या की शरीरातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वजनावरून यातलं काहीही ओळखता येत नाही. हा आजार बारीक माणसालाही होतो, आणि वजन जास्त असलेल्या प्रत्येकाला तो असतोच असंही नाही.

'हे बायकांचं दुखणं' असं समजून मी स्वतः गप्प बसलो होतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणात बिंज ईटिंग डिसऑर्डर आयुष्यात कधी तरी झालेल्यांचं प्रमाण स्त्रियांमध्ये ३.५ टक्के आणि पुरुषांमध्ये २ टक्के निघालं. म्हणजे आपण पुरुषही काही थोडे नाही.

हे चक्र फिरतं कसं

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. तन-मनानं ठणठणीत अशीच मुलं निवडली होती. २४ आठवडे त्यांना जवळजवळ अर्ध्या आहारावर ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पावपट घटलं, पण खरा बदल डोक्यात झाला. दिवसरात्र खाण्याचेच विचार. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचं, एकेक घास चघळत तासन्‌तास घालवायचे. पुढे पोटभर खाण्याची मोकळीक मिळाली तेव्हा त्यांच्यातले काही जण अंगावर येईपर्यंत खायचे, आणि तरीही भूक भागली असं त्यांना वाटत नसे.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसून राहिलो. माझं तर वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. रात्री ताबा सुटायचा, सकाळी पश्चात्ताप म्हणून नाश्ता बंद, दुपारी नुसतं काहीतरी हलकंसं, संध्याकाळपर्यंत डोकं भणभणायला लागलेलं, आणि रात्री पुन्हा तेच. 'सोमवारपासून कडक डाएट' हा माझा उपाय होता आणि आजाराला खतपाणीही त्याचंच मिळत होतं.

सगळ्यांचं मूळ डाएटमध्येच असतं असं मात्र नाही. काहींना आधी खाण्याचा त्रास सुरू होतो आणि डाएट नंतर येतं. एकटेपणा, नैराश्य, लहानपणी वजनावरून झालेली टिंगल, घराण्यातून आलेली प्रवृत्ती अशी अनेक कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. तुमचा गुंता तुमच्या वहीत दिसेल. वहीचं पुढे सांगतो.

पहिलं पाऊल: वेळेवर खा

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. दिवसातून तीन वेळा जेवण-नाश्ता आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं. दोन खाण्यांमध्ये चार तासांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही. उदाहरणार्थ सकाळी ८, मग ११, दुपारी दीड, संध्याकाळी ५, रात्री साडेआठ. वेळा तुमच्या कामाप्रमाणे ठरवा. सुरुवातीला भुकेच्या भरवशावर राहू नका, कारण भुकेचं घड्याळच बिघडलेलं असतं. मोबाइलवर गजर लावा. गजर झाला की खायचं, आणि पुढचा गजर होईपर्यंत खाण्याचा विषय बाजूला.

काय खायचं याचा कीस पहिले काही आठवडे काढू नका. पौष्टिक आहे का, किती कॅलरी आहेत, हे सगळं नंतर. आत्ता फक्त वेळ सांभाळायची आहे.

सगळ्यात अवघड सकाळ असते ती आदल्या रात्री ताबा सुटल्यानंतरची. पोट जड, तोंडाला कोरड, आरशात बघवत नाही. त्या सकाळी आठ वाजता खायचं म्हणजे वेडेपणा वाटतो. पहिल्यांदा मी ताटलीसमोर वीस मिनिटं नुसता बसून होतो. शेवटी अर्धं खाल्लं, आणि खाताना रडलो. पण त्या रात्री माझे हात कापत नव्हते. वखवख आली, पण तिचा जोर ओसरला होता. ताबा सुटल्यानंतरचं खाणं टाळायचं नाही, हा नियम मी त्या दिवसापासून कधी मोडलेला नाही.

'इतक्या वेळा खाल्लं तर वजन वाढेल' ही भीती प्रत्येकाला वाटते. पण रात्री एका बैठकीत जे पोटात जातं, ते या पाच-सहा वेळच्या खाण्याच्या हिशेबात आपण धरतच नाही. तो हिशेब एकदा मांडून पाहा. मधुमेह असेल तर वेळा डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि इन्सुलिन घेत असाल तर वजनाच्या भीतीपोटी डोस कधीही चुकवू नका, त्यानं जिवावर बेतू शकतं.

दुसरं पाऊल: वही

खिशात मावेल अशी वही घ्या किंवा मोबाइलमध्ये लिहा. वेळ, काय खाल्लं, कुठे खाल्लं, ताबा सुटल्यासारखं वाटलं का, त्याआधी काय घडलं होतं, एवढंच लिहायचं. ताबा सुटला असेल तिथे चांदणी काढा. कॅलरी लिहायच्या नाहीत. आणि रात्री बसून आठवून लिहू नका, खाल्ल्या खाल्ल्या लिहा. नंतर लिहिलं की लाज मध्ये येते आणि नोंदी गुळगुळीत होतात.

माझ्या वहीतली एक नोंद अशी होती: 'रात्री ११.२०. अर्धा पुडा बिस्किटं, उरलेला भात, साखर चमच्यानं. उभ्यानं. चांदणी. दुपारी मीटिंग लांबली, जेवण ४ वाजता. साहेब सगळ्यांसमोर बोलले.' अशी तीन आठवड्यांची पानं समोर मांडली, तेव्हा दिसलं की बहुतेक चांदण्या दुपारचं जेवण लांबलेल्या दिवसांच्या होत्या. मी मात्र आजवर सगळा दोष रात्रीला देत आलो होतो.

वजन करायचंच असेल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. रोजचा आकडा पाण्यानं आणि मिठानंही खाली-वर होतो, आणि त्यावर दिवसभराचा मूड टांगला जातो.

तिसरं पाऊल: लाट ओसरेपर्यंत

वेळेवर खाऊनही खा खा सुटेल. ती ऊर्मी लाटेसारखी असते. वर चढते, माथ्यावर येते आणि आपण काही केलं नाही तरी उतरते. व्यसनांवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मारलाट यांनी या लाटेवर स्वार व्हायला शिकवलं. तिच्याशी झटापट करायची नाही. अंगात ती कुठे जाणवते ते बघायचं. छातीत? जबड्यात? बोटांत? वाढतेय की कमी होतेय? असं वीस मिनिटं.

नुसतं बसवत नसेल, तर मन शांत असताना आधीच एक यादी करून ठेवा. अंघोळ, बाहेर चक्कर, कुणाला तरी फोन, हात गुंतून राहतील असं कोणतंही काम. टीव्ही बघणं माझ्या तरी उपयोगी पडलं नाही, कारण टीव्हीसमोर हात मोकळे असतात.

लाट उतरली नाही आणि खाल्लं गेलं, तरी तुम्ही थांबलेली दहा मिनिटं वाया गेली नाहीत. ती वहीत लिहा.

चौथं पाऊल: एका माणसाला सांगा

हा आजार गुपितावर पोसला जातो. गावभर सांगायची गरज नाही, एकच माणूस पुरे. पण तो नीट निवडा. लगेच सल्ले न देणारा, तुमच्या वजनावर कधी शेरा न मारलेला, आणि पोटात गोष्ट राहील असा. जवळचा नातेवाईक असा असेलच असं नाही. कधी कधी जुना मित्र बरा पडतो.

मी ताईला सांगितलं, तेही फोनवर, कारण समोरासमोर जमलं नसतं.

"ताई, दोन मिनिटं आहेत का? एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्यानं सांगून व्हायचं नाही."

"बोल."

मी सांगितलं. पुडे, कचऱ्याचा डबा, सगळं. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग ती एवढंच म्हणाली, "किती वर्षं रे?"

त्या 'रे'मध्ये राग नव्हता. मी हुंदके देऊन रडलो.

सांगताना आपल्याला नेमकं काय हवंय तेही बोला, म्हणजे समोरचा गोंधळत नाही. 'मला उपाय सुचवू नकोस, पण रात्री दहानंतर फोन केला तर उचलशील का?' किंवा 'डॉक्टरांकडे माझ्याबरोबर येशील का?' इतकं साधं.

आणि तुमच्या घरात कुणाला हा त्रास असेल म्हणून तुम्ही हे वाचत असाल, तर तुम्हाला हात जोडून विनंती आहे. त्या माणसाच्या ताटाकडे टक लावून बघू नका. डबे कुलपात ठेवू नका. 'बारीक झालास' हे कौतुकानंही म्हणू नका. सगळ्यांबरोबर बसून जेवायला बोलवा, आणि जेवताना दुसऱ्या कुठल्याही विषयावर गप्पा मारा.

पाचवं पाऊल: उपचार

पहिल्यांदा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलात तरी चालेल. मनाची तयारी करून जा आणि हे वाक्य तसंच म्हणा: "डॉक्टर, माझा खाण्यावरचा ताबा सुटतो, आठवड्यातून इतक्या वेळा, इतक्या महिन्यांपासून. मला यासाठी मानसोपचार हवेत." 'वजन वाढलंय' असं म्हणत सुरुवात केलीत तर गाडी सरळ डाएट चार्टवर जाते. माझं तेच झालं. पहिल्या डॉक्टरांनी तोंडावर ताबा ठेवायला सांगितलं आणि छापील तक्ता हातात दिला. त्यानंतर मी दोन वर्षं कुठेच गेलो नाही. तुम्ही तसं करू नका. एका दारात समजून घेतलं गेलं नाही, तर दुसरं दार ठोठवा. वही बरोबर न्या, ती तुमच्यापेक्षा स्पष्ट बोलते. रक्तदाब, रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल हे तपासून घेणंही चांगलं.

या आजारावर सगळ्यात जास्त अभ्यास झालेला उपचार म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजेच सीबीटी: विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी पद्धत. वेळेवर खाणं आणि वही या दोन्ही गोष्टी त्यातल्याच आहेत. ब्रिटनमधली नाइस ही संस्था डॉक्टरांसाठी उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं तयार करते. २०१७ च्या तिच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी सुरुवात मार्गदर्शनासह स्व-मदतीनं करावी. म्हणजे सीबीटीवर आधारलेलं साहित्य घेऊन तुम्ही स्वतः काम करता, आणि साधारण २० मिनिटांच्या चार ते नऊ छोट्या भेटींमध्ये कुणी तरी जाणकार तुमच्या पाठीशी उभा राहतो. महिन्याभरात त्याचा उपयोग होत नाही असं दिसलं, किंवा ते झेपण्यासारखं नसेल, तर दर आठवड्याला दीड तासाची अशी १६ गटसत्रं, आणि तीही नको असतील तर वैयक्तिक सत्रं. हे आकडे मुद्दाम देतोय. बरं व्हायला जन्म घालवावा लागतो असं मला वाटायचं. काही महिन्यांचा ठरलेला आराखडा असू शकतो हे कळल्यावर धीर आला.

नात्यांतल्या ताणातून खाणं होत असेल तर इंटरपर्सनल थेरपीचा उपयोग होतो, आणि भावनांचा लोंढा आवरत नसेल तर डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीचा. थेरपिस्टना पहिल्याच भेटीत विचारा: खाण्याच्या विकारांवर तुम्ही आधी काम केलंय का? कोणती पद्धत वापरता? प्रगती कशी मोजता? त्यांना या प्रश्नांचा राग आला, तर उत्तर मिळालं असं समजा.

औषधांबद्दल थोडक्यात. लिसडेक्सअँफेटामिन हे औषध अमेरिकेत २०१५ मध्ये प्रौढांच्या मध्यम ते तीव्र बिंज ईटिंगसाठी मंजूर झालं. त्याची सवय लागू शकते, आणि ते वजन कमी करायचं औषध नाही. नैराश्य किंवा चिंता असेल तर मानसोपचारतज्ज्ञ त्यासाठीही औषध देतात. नुसत्या गोळ्यांवर हा आजार सोपवू नये, असं नाइसही सांगते.

आणि एक खरं सांगायला हवं. या उपचारांनी ताबा सुटणं थांबतं, पण वजन फारसं उतरेलच असं नाही. माझं थोडंच उतरलं. पण रात्री परत मिळाल्या.

जीव नकोसा वाटत असेल, चक्कर येत असेल, छातीत धडधड होत असेल, किंवा खूप खाल्ल्यावर पोट टम्म फुगून असह्य दुखत असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा आणि तातडीची मदत घ्या. मनात मरणाचे विचार येत असतील तर मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला किंवा त्या एका माणसाला आत्ताच फोन लावा.

आधारगट निवडताना

ओव्हरईटर्स अॅनॉनिमस हा गट १९६० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला. तो दारू सोडवणाऱ्या गटांच्या बारा पायऱ्यांच्या धर्तीवर चालतो, फी नसते आणि ऑनलाइन सभाही होतात. तिथले बरेच जण काही पदार्थ कायमचे वर्ज्य करतात. सीबीटीची दिशा याच्या उलट आहे: घडी बसली की भीती वाटणारे पदार्थ हळूहळू, ठरवून, शांतपणे खायला शिकायचं. मला दुसरी वाट मानवली, तर माझ्या ओळखीतल्या एकाला पहिलीनं तारलं. थेरपी चालू असेल तर गटात जाण्याआधी थेरपिस्टशी बोला, नाहीतर दोन सूचनांच्या कात्रीत सापडाल.

ज्या गटात वजनाचे आकडे, 'आधी आणि नंतर'चे फोटो किंवा उपाशी राहण्याच्या स्पर्धा चालतात, तिथून निघा. पहिल्या सभेत काही बोलायची सक्ती नसते. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐका. आपलं वाक्य परक्याच्या तोंडून ऐकू येतं, तेव्हा खांद्यावरून काहीतरी उतरतं.

घसरलात तर

घसराल. एक रात्र घसरणं आणि आजार उलटणं यात फरक आहे, आणि तो ठरतो दुसऱ्या दिवशी तुम्ही काय करता त्यावर. उपाशी राहायचं नाही, वही फाडायची नाही, गजर बंद करायचे नाहीत. सलग दोन-तीन आठवडे चांदण्या वाढायला लागल्या, तर थेरपिस्टची वेळ घ्या.

गेल्या महिन्यात माझंही झालं, जवळजवळ आठ महिन्यांनी. दोन रात्री झोप नव्हती, ऑफिसातलं काम अंगावर आलं होतं. सकाळी उठलो तेव्हा तीच जुनी जडशीळ लाज छातीवर बसलेली. अंथरुणातूनच ताईला मेसेज टाकला: 'काल झालं.'

पाच मिनिटांनी तिचं उत्तर आलं: 'बरं. आठ वाजलेत. नाश्ता केलास का?'